घरघर लागली तेव्हा आम्हाला कोणी काही सांगितलं नव्हतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी काळजी कशी घ्यायची यावर मोठा लेख आला होता. चांगला होता, एअर बेड, कॅथेटर, जखमेचं ड्रेसिंग सगळं नीट समजावलेलं होतं. पण जो माणूस ही सगळी काळजी घेतो, रात्र रात्र जागतो, त्याच्याबद्दल अख्ख्या लेखात एकच वाक्य होतं, कुटुंबीयांनी धीर धरावा. ते वाचलं आणि पेपर बाजूला ठेवून मी बराच वेळ नुसती बसून राहिले, कारण हेच वाक्य बाबांना डिस्चार्ज देताना मला ऐकवलं होतं आणि धीर धरायचा म्हणजे नक्की काय करायचं हे तेव्हाही कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे पत्र लिहितेय, काळजी घेणाऱ्याबद्दल आणि शेवटच्या दिवसांत घरच्यांना सोबत करणाऱ्या, त्याचं ट्रेनिंग घेतलेल्या बाईबद्दल, जिला डूला म्हणतात. थोडं लांबेल, पण जमलं तर पूर्ण छापा.

बाबांचं आजारपण अकरा महिने चाललं. कॅन्सर होता. शेवटी हॉस्पिटलने सांगितलं की आता करण्यासारखं काही राहिलं नाही, घरी न्या. बाबांनाही घरीच यायचं होतं, त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं की मला माझ्या खोलीत माझ्या पलंगावर जाऊ द्या, परत नळ्या नकोत. आम्ही सगळे हो म्हणालो. आमच्या हातात औषधांची एक चिठ्ठी होती आणि एक फोन नंबर होता जो संध्याकाळनंतर कोणी उचलायचं नाही. तीन आठवडे असेच गेले. मग दोन दिवस ते नुसते झोपून होते, पाणीसुद्धा गिळता येईना, आणि तिसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला त्यांच्या घशातून तो आवाज यायला लागला. ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. मला वाटलं ते गुदमरतायत, दादालाही तेच वाटलं, आई रडायला लागली, आम्ही त्यांना उठवून बसवायला बघितलं, पाठ थोपटली, तोंड पुसलं, काही फरक पडेना म्हणून मग अँब्युलन्स बोलावली. इमर्जन्सीतल्या लोकांनी त्यांचं काम केलं, नळी घातली, आम्हाला पडद्याबाहेर काढलं, आणि चाळीस मिनिटांनी बाहेर येऊन सांगितलं की गेले. बाबा ज्या गोष्टीला नको म्हणाले होते नेमकी तीच त्यांच्या वाट्याला आली आणि ती आणली आम्हीच, त्यांच्यावर सगळ्यात जास्त जीव असणाऱ्या माणसांनी.

आपल्या भाषेत या आवाजाला शब्द आहे, घरघर. आपण तो बंद पडायला आलेल्या कारखान्यालासुद्धा वापरतो, इतका रोजचा आहे. पण घरघर लागते म्हणजे शरीरात काय होतं आणि तेव्हा जवळच्याने काय करायचं हे आमच्या घरातल्या चार शिकलेल्या माणसांपैकी एकालाही माहीत नव्हतं. मला ते पुढे कळलं. माणूस इतका थकलेला असतो की घशात साचणारी लाळ त्याला गिळता येत नाही की खोकून काढता येत नाही, मग श्वास त्यातून येजा करतो आणि आवाज होतो. तोपर्यंत तो बहुतेक बेशुद्धीत गेलेला असतो, त्यामुळे ऐकणाऱ्याचा जीव जितका कासावीस होतो तितका त्याला स्वतःला त्रास होत नाही असं पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करायचं काम करणारे, डॉक्टर सांगतात. कुशीवर वळवायचं, डोकं जरा उंच ठेवायचं, डॉक्टरांनी आधी लिहून ठेवलं असेल तर स्राव कमी करणारं औषध द्यायचं, आणि जवळ बसायचं. हे इतकं जर कोणी मला आदल्या आठवड्यात सांगितलं असतं तर बाबा त्यांच्या पलंगावर गेले असते.

चार वर्षांनी आईची वेळ आली. हार्ट फेल्युअर होतं, वर्षभर हॉस्पिटलच्या आतबाहेर चाललं होतं आणि मग तिनेच बास म्हटलं. या वेळी माझ्या मावसबहिणीच्या ओळखीतून एक बाई आमच्याकडे यायला लागल्या, त्यांनी डूलाचं ट्रेनिंग घेतलेलं होतं. मला हा शब्द तेव्हा बाळंतपणापुरताच ऐकून माहीत होता. ताई (मी त्यांना ताईच म्हणायचे) पहिल्या दिवशी आल्या, आईशी अर्धा तास बोलल्या, मग मला स्वयंपाकघरात घेऊन बसल्या आणि विचारलं, तुम्ही सलग पाच तास शेवटचं कधी झोपलात? मला आठवेना. बाबांच्या अकरा महिन्यांत आणि आईच्या त्या वर्षात किती डॉक्टर, किती नर्स, किती नातेवाईक येऊन गेले असतील, हा प्रश्न मला कोणी म्हणजे कोणी विचारला नव्हता. मी रडायला लागले आणि त्या काही न बोलता तशाच बसून राहिल्या.

डूला हा शब्द मूळ ग्रीक, सेवा करणारी बाई असा अर्थ. 1970च्या दशकात डॅना राफाएल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी तो बाळंतिणीला आधार देणाऱ्या बाईसाठी वापरला आणि तिथून तो पसरला. मग न्यूयॉर्कमध्ये हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटच्या दिवसांत काळजी घेणाऱ्या संस्थेत, काम करणारे एक सोशल वर्कर, हेन्री फेर्स्को-वाइस, त्यांच्या लक्षात आलं की जन्माच्या वेळी जशी जवळ बसणारी, पुढे काय होणार ते सांगणारी बाई असते तशी मरणाच्या वेळी कोणीच नसते, आणि त्यांनी 2003मध्ये शेवटच्या दिवसांत सोबत करणाऱ्या डूलांचा उपक्रम सुरू केला. 2015मध्ये ट्रेनिंगसाठी एक आंतरराष्ट्रीय संस्थासुद्धा उभी राहिली. आता बऱ्याच देशांत हे काम चालतं. नाव नवीन आहे, काम नवीन नाही, पूर्वी घरात किंवा आसपास एखादी म्हातारी अशी असायची जिने दहा मरणं जवळून पाहिलेली असायची आणि ती येऊन बसली की घर जरा शांत व्हायचं. आता मरणं हॉस्पिटलमध्ये होतात, त्यामुळे पन्नाशीला आलेल्या माणसानेही माणूस जाताना पाहिलेला नसतो आणि पहिल्यांदा पाहतो ते थेट आपल्या आईला किंवा बापाला.

लोकांचा गैरसमज होतो म्हणून सांगते, डूला म्हणजे नर्स नव्हे आणि अटेंडंटही नव्हे. ती इंजेक्शन देत नाही, औषधाचा डोस ठरवत नाही, उपचार बंद करा की चालू ठेवा हे सांगत नाही. मरण लवकर आणण्याशीही तिचा काही संबंध नाही. मग करते काय असं माझ्या दादानेच पहिल्या दिवशी विचारलं होतं, जरा वैतागूनच.

ताईंनी सगळ्यात आधी आईला विचारलं की तुम्हाला कसं हवंय. कोण जवळ असलेलं आवडेल, कोण नको, दिवा चालू की बंद, खिडकी उघडी की लावलेली, कोणी वाचून दाखवलेलं हवं की शांतता हवी. मला वाटलं होतं आई चिडेल, पण आई दोन तास बोलत होती, आणि तिने अशी एक गोष्ट सांगितली जी पन्नास वर्षांत आम्हाला माहीत नव्हती, की तिला अंधारात झोपायची भीती वाटते आणि बाबा तिच्यासाठी बाहेरचा दिवा चालू ठेवायचे. ते सगळं कागदावर लिहून भिंतीवर लावलं. त्यामुळे झालं काय की पुढे जेव्हा नातेवाईक आले आणि प्रत्येकजण वेगळं सांगायला लागला, तेव्हा मला भांडावं लागलं नाही, मी कागदाकडे बोट दाखवायचे.

मग वेळापत्रक. रात्रीच्या पाळ्या लावल्या, दादा, वहिनी, मी, भाचा, आणि मला आठवड्यातल्या तीन रात्री दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचंच असं ठरवलं. मी नाही म्हटलं, आईला माझीच सवय आहे म्हटलं. ताई म्हणाल्या, तुम्ही पडलात तर तिसऱ्या दिवशी आईंना हॉस्पिटलमध्येच न्यावं लागेल, मग बघा. हे कोणी मायेने सांगितलं की ऐकावंसं वाटतं. मदत करू का असं विचारणारे खूप असतात, काय करू ते सांगा म्हणतात, पण ज्याचं डोकंच चालत नाही तो काय सांगणार, ताईंनी एक यादी केली, औषध आणणं, कपडे, फोन उचलणं, एक तास बसणं, आणि जो विचारेल त्याला त्यातलं एक काम द्यायचं.

सगळ्यात मोठी गोष्ट मात्र ही की त्या आम्हाला आधी सांगायच्या. आता झोप वाढेल. आता खाणं कमी होईल. यावर मी जरा थांबते, कारण खाण्यावरून घराघरात जे होतं ते फार वाईट असतं. माणूस खात नाही म्हणजे आपण त्याला उपाशी मारतोय असं वाटत राहतं, मग आपण जबरदस्तीने घास भरवतो, बाबांना मी भरवत होते, ते तोंड फिरवायचे आणि मी त्यांच्यावर ओरडले आहे, एकदा नाही दोनदा. शेवटाकडे शरीराला ते अन्न वापरताच येत नाही, भूक मरते ती आजाराच्या ओघानेच, आणि गिळायची ताकद नसताना भरवलं की घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया व्हायची भीती असते. सलाईनचंही तसंच, कधी कधी त्याने सूज आणि छातीतलं पाणीच वाढतं. मग करायचं काय तर ओठ आणि तोंड ओलं ठेवायचं, छोटा स्पंज पाण्यात बुडवून पिळून फिरवायचा, ओठांना मलम लावायचं. ताईंनी माझ्या हातात स्पंज दिला आणि माझं मन जरा थाऱ्यावर आलं, कारण करायला काहीतरी होतं आणि ते आईला बरं वाटत होतं.

दर दोन तासांनी कूस बदलायची ती एकट्याने पाठ न मोडता कशी, खाली आडवी चादर घालून ती ओढून कसं वळवायचं, हेही त्यांनीच दाखवलं. हातपाय गार पडतील, गुडघ्यांवर निळसर जांभळट डाग दिसतील, श्वास भराभर येऊन मग थांबेल, इतका थांबेल की तुम्हाला वाटेल संपलं आणि मग परत सुरू होईल, तेव्हा घाबरू नका. या श्वासाला डॉक्टरी भाषेत चेन-स्टोक्स म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या दोन डॉक्टरांची नावं आहेत ती. म्हणजे दोनशे वर्षांपासून हे माहीत आहे, पुस्तकांत आहे, आणि तरी घरी पलंगाशेजारी बसलेल्या मुलीला ते माहीत नसतं.

मॉर्फिन या कडक वेदनाशामक औषधाचीही तीच कथा. आईला धाप फार लागायची म्हणून डॉक्टरांनी थोडं मॉर्फिन लिहिलं तर घरात सगळे हबकले, मॉर्फिन म्हणजे संपलंच. ताईंनी त्यावर मत दिलं नाही, त्यांनी आमचे प्रश्न एका वहीत लिहून घेतले आणि डॉक्टरांसमोर वही ठेवायला लावली. डॉक्टरांनी मग नीट सांगितलं की योग्य मात्रेत दिलं तर त्याने दुखणं आणि धाप कमी होते, मरण ओढवत नाही, बद्धकोष्ठ होतं म्हणून पोट साफ व्हायचं औषध सोबत द्यायचंच. दहा मिनिटांत झालं. बाबांच्या वेळी याच भीतीपोटी आम्ही डोस चुकवायचो आणि बाबा कण्हत राहायचे. ते आठवलं की आजही झोप उडते.

काळजी घेणाऱ्याचं काय होतं यावर अभ्यास झालेले आहेत, मला वाटतं ते लोकांपर्यंत जायला हवेत. 1999मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, आजारी नवऱ्याची किंवा बायकोची शुश्रूषा करणाऱ्या वयस्कर लोकांवर चार वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्यात ज्यांना या कामाचा ताण जाणवत होता त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण असं काम नसलेल्यांपेक्षा 63 टक्क्यांनी जास्त निघालं. म्हणजे एकाला सांभाळता सांभाळता दुसराही जातोय. काळजी घेणाऱ्यावरचा भार मोजायला झारिट नावाच्या संशोधकाची 22 प्रश्नांची प्रश्नावली आहे, स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, नातलगाचा राग येतो का, असे साधे प्रश्न, कागदावर पाच-दहा मिनिटांत होतात. आम्हाला ती कधीच कोणी दिली नाही. रुग्णाचं बीपी दिवसातून तीनदा मोजायचे, त्याच्या बायकोचं कोणी एकदाही नाही.

आणि असंही नाही की ही नवी मागणी आहे. लंडनमध्ये 1967 साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स, ज्या आधी नर्स होत्या, मग सोशल वर्कर, मग डॉक्टर झाल्या, त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की मरणाऱ्या माणसाचं दुखणं फक्त शरीराचं नसतं, मनाचं, नात्यांचं, श्रद्धेचंही असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या पॅलिएटिव्ह केअरच्या व्याख्येत रुग्णाबरोबर कुटुंबही आहे, रुग्ण गेल्यानंतरच्या दुःखातला आधारसुद्धा आहे. पण त्याच संघटनेचा अंदाज आहे की जगात दरवर्षी 5 कोटी 68 लाख लोकांना अशी काळजी लागते आणि मिळते फक्त 14 टक्क्यांच्या आसपास लोकांना. जिथे रुग्णालाच मिळत नाही तिथे त्याच्या लेकीसुनेचा नंबर कधी लागणार.

डूलांच्या बाबतीत मला काळजी वाटते तेही लिहिते. या कामाला डॉक्टर-नर्ससारखं सरकारी रजिस्ट्रेशन नाही, प्रत्येक ट्रेनिंग संस्था आपलं सर्टिफिकेट देते, कुठे काही दिवसांचा कोर्स, कुठे काही महिन्यांचा. त्यामुळे कोण येतंय हे बघूनच घरात घ्यावं, आधी कुणाकुणाकडे काम केलंय त्यांच्याशी बोलावं, आणि जी बाई डॉक्टरांचं औषध बंद करा म्हणेल, स्वतःची श्रद्धा आजारी माणसावर लादेल किंवा दुःखात असताना पैशाची घाई करेल तिला सरळ नको म्हणावं. दुसरं म्हणजे बहुतेक ठिकाणी याचे पैसे कुटुंबालाच भरावे लागतात, विम्यात बसत नाही, म्हणजे ज्या घरात एकच कमावती मुलगी आहे आणि तीच रजा काढून आईजवळ बसलीये तिला हे परवडणार नाही, आणि गरज सगळ्यात जास्त तिलाच आहे. अमेरिकेत वृद्धांसाठी मेडिकेअर म्हणून सरकारी विमा आहे, त्याच्या हॉस्पिस योजनेत निदान एवढी सोय आहे की घरच्यांना विश्रांती मिळावी म्हणून रुग्णाला एका वेळी 5 दिवसांपर्यंत दुसरीकडे सांभाळतात. पाच दिवस! मला बाबांच्या वेळी पाच तास मिळाले असते तरी मी त्यांच्यावर ओरडले नसते. माझं म्हणणं एवढंच आहे की हे काम श्रीमंतांची चैन होऊन बसायच्या आत हॉस्पिटलं, नर्सिंग कॉलेजं, सेवाभावी संस्था यांनी ते हातात घ्यावं, ज्यांनी स्वतः घरचं माणूस सांभाळलंय अशा बायका-पुरुषांना शिकवावं, आणि डिस्चार्ज देताना घरच्यांसाठी वेगळा अर्धा तास ठेवावा.

आई गेली त्या रात्री घरघर चार तास होती. आम्ही तिला कुशीवर वळवलं, बाहेरचा दिवा चालू ठेवला. ताईंनी आधी सांगितलं होतं की बोलत राहा, बेशुद्धीतल्या माणसाच्या मेंदूपर्यंत आवाज पोहोचत असावा असं कॅनडातल्या एका हॉस्पिसमधल्या 2020 सालच्या अभ्यासात दिसलंय, म्हणून दादा, जो आयुष्यात आईशी दोन वाक्यांवर बोलला नसेल, तो तिच्या कानाशी लहानपणचं काय काय सांगत बसला. त्या रात्री झोपायची पाळी माझी होती. मी झोपले. पहाटे वहिनीने उठवलं, मी आत गेले, हात हातात घेतला आणि पंधरा मिनिटांत ती गेली. घाई नाही, आत्ता लगेच कोणाला फोन करायलाच हवा असं नाही, असं ताईंनी फोनवर सांगितलं आणि आम्ही तासभर तसेच बसून राहिलो. बाबांच्या वेळी तो तास मिळाला नव्हता.

तीन आठवड्यांनी, जेव्हा यायचे ते सगळे येऊन गेले होते, ताई परत आल्या. मी त्यांना सांगितलं की रात्री दोनला अजून जाग येते, कूस बदलायची वेळ. आणि तेही सांगितलं जे कोणालाच सांगितलं नव्हतं, की आई गेल्यावर पहिल्यांदा मला हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याचीच इतकी लाज वाटली की मी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हते. त्या म्हणाल्या, हे मला जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतं, फक्त सगळे कुजबुजत सांगतात. मग बाबांबद्दल बोललो, पहिल्यांदाच, चार वर्षांनी.

संपादक साहेब, तुमचा पेपर अशा घरांत जातो जिथे आत्ता या क्षणी कोणीतरी पलंगाशेजारी खुर्चीत बसलंय आणि पुढे काय होणार हे त्याला माहीत नाही. एखाद्या पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडून एक पान लिहून घ्या, शेवटच्या दिवसांतल्या खुणा, कधी घाबरायचं आणि कधी नाही, कोणाला फोन करायचा, आणि घरच्याने झोपायचं कधी. मोठ्या टाईपात छापा, कापून ठेवता येईल असं.

आपली,
एक वाचक